अंगवळणी

टॅम्पाजवळच्या त्या शेडमध्ये सात रिंगा आहेत, इद्रिस.
सात. आणि एकीचीही फळी कुरकुरत नाही.
आपल्या रिंगच्या कोपऱ्यातली ती मेलेली फळी,
जिच्यावर आपटलं की दोन दिवस शिंकायची भीती वाटायची,
ती माझे पाय अजून टाळतात.
इथे टाळण्यासारखं काहीच नाही,
म्हणून पाऊल चुकतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला नाव ठेवलं,
नावं ठेवायच्या आधी.
नेरिस म्हणे जिभेला जड.
आता मी आयव्ही स्टील.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
स्टील?
अगं, भट्ट्या तर बंद झाल्या.

आल्याआल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा,
हलका, दाबायचा नाही, हे तुझं शिकवणं.
इथे माणसं एकशे वीस, निम्म्यांच्या कानांत बोंडं.
मी सगळ्यांशी मिळवला.
अकरा वाजले, सराव संपत आला,
आणि एकीशी दोनदा मिळवला हे तिनेच सांगितलं.
जेवणाच्या टेबलांवर कोणी कुठे बसायचं
हे कुठेच लिहिलेलं नाही,
म्हणून ते सगळ्यांना पाठ आहे.

चारही बाजूंना माणसं असतात हे विसर, असं शिकवतात.
माणूस एकाच बाजूला आहे,
त्याला डोळा एकच, वर तांबडा दिवा.
दुखतंय ते त्याला दाखव.
मला मिसेस प्रॉबर्ट आठवते,
दुसऱ्या रांगेत विणकाम घेऊन बसलेली,
सुई रोखून मला शिव्या घालणारी
आणि नंतर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून
माझ्याच खांद्याला मलम चोळणारी.
तिला काही दाखवावं लागत नसे.

आणि पंच! पंचाच्या कानात दुसराच कोणी बसलेला असतो.
मी समोरच्या पोरीचा हात पिरगाळते,
ती किंचाळते,
तो काळजीने वाकतो आणि कुजबुजतो:
नव्वद सेकंद.

सगळं अंगवळणी पडेल, म्हणतात.
अंगाला वळण आपण आधीच लावलेलं आहे ना,
ते मोडायला वेळ लागतो, इतकंच.
पहिल्या शोनंतर मी सवयीने दोर सोडायला लागले.
लमार नावाचा पोरगा धावत आला,
मॅडम, ते आमचं काम आहे.
आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हटलं
आणि हातात काहीच उरलं नाही.

पडद्याआडून डोकी मोजायची आपली खोड.
बेचाळीस म्हणजे पेट्रोल सुटलं.
साठ म्हणजे पेट्रोल आणि चिप्स.
एकशे दहा झाली होती एकदा, बॅरीला,
तेव्हा तू तोंड फिरवून नाक शिंकरलंस
आणि म्हणालास, सर्दी.
परवा इथेही मोजायला घेतली.
चारशे सहापर्यंत पोचले, अजून एक कोपरासुद्धा संपला नव्हता,
तेवढ्यात कोणाचं तरी संगीत वाजलं.
मागून कोणीतरी ढकललं.
माझंच होतं ते.

तीन मिनिटं चाळीस सेकंद, आणि माझी पाठ टेकली.
ते मात्र कोणाला नव्याने शिकवावं लागलं नाही.
हनुवटी छातीला, तळवे सपाट, श्वास सोडून द्यायचा,
वर दिवेच दिवे,
आणि कानात तू, पडणाऱ्याने घाई करू नये, नेरिस.
मी नाही केली.
पंचाच्या कानातल्या माणसाने, म्हणे, नंतर विचारलं
ही कोण.

रात्री हॉल रिकामा झाल्यावर
लमारने इकडेतिकडे पाहिलं आणि पाना माझ्या हाती दिला.
एकच बोल्ट. बाकीचे त्याने काढले.

पगार पंधरवड्याला येतो, तारखेला येतो,
मोजून पाहावा लागत नाही.
व्हॅनच्या गिअरबॉक्ससाठी थोडे पाठवलेत.
परत पाठवू नकोस.
आणि ती फळी बदलायची असेल तर बदल,
पण आधी मला सांग.